रिम मोजणारे धुळ्याचे उपकरण आणि जळगावचा सराफी काटा: .२२ काडतुसे निवडण्याच्या दोन साधनांचे परीक्षण

पन्नास मीटर रायफल प्रकारात .२२ लाँग रायफल काडतूस वापरणाऱ्या नेमबाजाला आपले काडतूस स्वतः बांधता येत नाही. परदेशातला सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणारी रायफल चालवणारा नेमबाज पुंगळी, प्रायमर (ठोक्याने पेटणारी टोपी), दारू आणि गोळी वेगवेगळी घेऊन आपल्या बॅरलला मानवेल असे काडतूस तयार करू शकतो. रिमफायरमध्ये मात्र पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाशी दुमडलेल्या कडेच्या, म्हणजे रिमच्या आत कारखान्यातच भरलेले असते, आणि एकदा ठोका बसून ही कड चेपली की पुंगळी भंगारात जाते. त्यामुळे कारखान्यातून आलेल्या काडतुसांतून एकसारखी काडतुसे वेगळी काढणे, एवढेच काम नेमबाजाच्या हाती उरते. ही निवड नेमकेपणाने करता यावी म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या नेमबाजांच्या छोट्या गटाने सामाईक खर्चातून दोन साधने घेतली. धुळ्याच्या अवधान औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून रिमची जाडी मोजण्याचे उपकरण करून घेतले, आणि खडे व हिरे तोलण्यासाठी वापरला जाणारा, एक मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा जळगावच्या सराफ बाजारातून विकत घेतला. दोन्ही साधने हिवाळ्यात आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यातही हाताखालून गेल्यावर हे परीक्षण लिहीत आहे, कारण खान्देशात कोणत्याही मोजमापाच्या साधनाची खरी कसोटी एप्रिल-मेमध्येच लागते.

रिमची जाडी मोजण्याचे कारण आधी सांगायला हवे. .२२ चे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, रिमच्या आधाराने अडकते. बोल्ट, म्हणजे ही खोबणी मागून बंद करणारा दांडा, बंद झाल्यावर बोल्टचा चेहरा आणि चेंबरचे तोंड यांच्यामध्ये रिम बसते आणि फायरिंग पिन तिच्या कडेवर आपटून आतले मिश्रण चिरडते. रिम पातळ असेल तर तिच्या मागे थोडी मोकळी जागा राहते, पिनचा पहिला धक्का काडतुसाला पुढे सरकवण्यात खर्च होतो आणि मिश्रणावर बसणारा ठोका दुबळा पडतो. ठोका कमीजास्त झाला की दारू पेटण्याची रीत बदलते, त्याबरोबर गोळीचा वेग बदलतो, आणि वेगातला फरक पन्नास मीटरवरच्या कागदावर उभ्या रेषेत पसरलेल्या छिद्रांच्या रूपाने दिसतो. हिशेब अवघड नाही. सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघालेल्या गोळीला पन्नास मीटर जायला साधारण ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती बारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेगात १० मीटर प्रतिसेकंद फरक पडला तर छिद्र सात ते आठ मिलिमीटर वर किंवा खाली जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे नेमबाजाच्या हातून काहीही न चुकता केवळ काडतुसामुळे एक गुण जाऊ शकतो.

हे तत्त्व खरे असले तरी त्यात एक खोच आहे, आणि उपकरण घेण्यापूर्वी ती प्रत्येकाने समजून घ्यावी. बाहेरून मोजलेली जाडी म्हणजे पितळेच्या दोन पदरांची जाडी आणि त्यांच्यामधली पोकळी यांची बेरीज असते. रिम जाड भरली तर पितळ जाड आहे की आतली पोकळी मोठी आहे, हे मापावरून कळत नाही, आणि आत मिश्रण किती आहे व ते कडेभर सारखे पसरले आहे की नाही, हे तर कोणत्याच बाहेरच्या मापाने कळणार नाही. उपकरण एकाच प्रश्नाचे उत्तर देते: हे काडतूस चेंबरमध्ये इतरांसारखेच घट्ट बसेल काय? यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवली तर निराशा पदरी पडेल.

बाजारात मिळणाऱ्या परदेशी उपकरणांपैकी सर्वांत परिचित प्रकार डिजिटल व्हर्निअरच्या जबड्याला जोडायच्या ठोकळ्याचा आहे. ठोकळ्यातल्या भोकात काडतूस घालायचे आणि व्हर्निअरने रिम मोजायची, अशी त्याची योजना असते. वापरायला ते सोपे आहे, परंतु सर्वसाधारण डिजिटल व्हर्निअर ०.०१ मिलिमीटर दाखवत असला तरी त्याची अचूकता ±०.०२ मिलिमीटर एवढीच असते, शिवाय जबडा मिटताना अंगठ्याचा दाब प्रत्येक वेळी वेगळा पडतो. चांगल्या स्पर्धा-काडतुसांच्या एका खोक्यात सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ रिममध्येच जवळपास तेवढे अंतर असते. ज्या पट्टीची चूक मोजायच्या फरकाएवढी आहे, तिने काडतुसांचे जाडीनुसार पाडलेले गट हे निव्वळ मनाचे समाधान होय. म्हणूनच आम्ही व्हर्निअरचा मार्ग सोडून डायल इंडिकेटरवर, म्हणजे बारीक अंतर गोल तबकडीवरच्या काट्याने दाखवणाऱ्या मापकावर, चालणारे उपकरण करून घ्यायचे ठरवले. त्यात दाब आतल्या स्प्रिंगचा असतो, तो हलका असतो आणि प्रत्येक काडतुसावर सारखाच पडतो.

धुळ्याच्या उपकरणाची रचना साधी आहे. खाली पोलादाची जाड पट्टी, तिच्यावर ॲल्युमिनियमचा उभा खांब, खांबाच्या आडव्या हाताला खाली तोंड करून बसवलेला डायल इंडिकेटर आणि त्याच्या बरोबर खाली, पट्टीत घट्ट ठोकून बसवलेली कठीण केलेल्या पोलादाची बुश, म्हणजे मध्ये भोक असलेली नळी. बुशच्या भोकात काडतूस गोळीच्या बाजूने सोडले की पुंगळीचे अंग आत जाते आणि रिम वरच्या तोंडावर टेकते, कारण पुंगळीचा व्यास सुमारे ५.७ मिलिमीटर तर रिमचा सुमारे ७ मिलिमीटर असतो. वरून डायलचा प्लंजर, म्हणजे स्प्रिंगवर खालीवर होणारी दांडी, काडतुसाच्या बुडावर टेकतो आणि डायलचा काटा थांबतो तिथे रिमची जाडी वाचायची. डायल आमच्याकडे असलेलाच दिला होता, त्यामुळे कारखान्याला द्यावी लागलेली मजुरी आणि सामानाची किंमत दोन हजार रुपयांच्या आत राहिली. परदेशी उपकरणाची किंमत, टपालखर्च आणि आयातशुल्क यांचा विचार करता हा सौदा निश्चितच स्वस्त आहे.

कामाच्या दर्जाबद्दल दोन गोष्टी आवर्जून सांगण्यासारख्या आहेत. पहिली प्लंजरच्या टोकाची. डायलबरोबर येणारे टोक गोल मण्यासारखे असते आणि ते काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी टेकते. तिथे कंपनीची अक्षरे किंवा खूण ठोकलेली असते, त्यामुळे काडतूस बोटाने थोडे फिरवले तरी माप बदलते, शिवाय पिन आपटते ती जागा मध्यावर नसून कडेला असते. लेथवाल्याने स्वतःहून रिमपेक्षा थोडे मोठे, सपाट तळाचे टोक करून दिले, ते संपूर्ण बुडावर पसरून बसते आणि काडतूस कसेही फिरवले तरी काटा जागचा हलत नाही. त्या टोकाचा तळ आणि बुशचे तोंड एकमेकांना समांतर आहेत की नाहीत हे त्याने बुशवर कागदाइतकी पातळ शिम (धातूची पट्टी) चारी बाजूंना सरकवून दाखवले आणि म्हणाला, ‘‘भाऊ, देखी ल्या, फरक नही शे.’’ फरक खरोखरच नव्हता.

दुसरी गोष्ट भोकाच्या कडेची, आणि इथे मात्र पहिला नग परत पाठवावा लागला. पुंगळीचे अंग आणि रिमचा खालचा पृष्ठभाग जिथे मिळतात तिथे पितळ काटकोनात वळलेले नसून त्याला बारीकसा गोलावा असतो. बुशच्या भोकाची कड धारदार राहिली तर रिम तोंडावर पूर्ण न टेकता त्या गोलाव्यावर अधांतरी बसते आणि प्रत्येक काडतूस आहे त्यापेक्षा जाड भरते. पहिल्या नगात भोक रीमर या हत्याराने सुबक गुळगुळीत केलेले होते, परंतु कडेला उतार दिलेला नव्हता, आणि भिंग लावून पाहिल्यावर रिमखाली उजेडाची रेघ स्पष्ट दिसत होती. उतार फार दिला तरी चालत नाही, कारण मग रिमला टेकायला जागाच उरत नाही. नग दिव्यासमोर धरून लेथवाला बराच वेळ भोकाकडे पाहत राहिला, आणि नंतर त्याने काउंटरसिंक (भोकाची कड उतरती करण्याचे हत्यार) न वापरता लाकडी दांड्याला गुंडाळलेल्या बारीक पॉलिशपेपरने हातानेच कड मारली. दुसऱ्या खेपेला मिळालेला नग निर्दोष आहे. ज्याला असे उपकरण करून घ्यायचे असेल त्याने चित्र काढून देताना ही कड विसरू नये.

आता उणिवांकडे वळतो. प्लंजर वर उचलण्यासाठी कळ किंवा खटका दिलेला नाही, प्रत्येक काडतुसासाठी तो दोन बोटांत धरून उचलावा लागतो, आणि शंभरेक काडतुसांनंतर बोटे कंटाळतात व प्लंजर सोडताना तो आपटू लागतो. रिमच्या आत ठोक्याने पेटणारे मिश्रण आहे याचे भान ठेवून प्लंजर नेहमी हळू टेकवला पाहिजे, आणि इतका हलका स्प्रिंग काडतूस पेटवू शकत नाही हे खरे असले तरी आपटण्याची सवय लागू देणे योग्य नाही. तळाची पट्टीही हलकी आहे. प्लंजर उचलताना सारे उपकरण टेबलावर सरकते, म्हणून आम्ही ते शेवटी लाकडी फळीवर स्क्रूने पक्के केले.

याहून गंभीर उणीव ॲल्युमिनियमच्या खांबाची आहे. सकाळी शून्य लावून काम सुरू केले आणि दुपारी टळटळीत उन्हाच्या वेळी तेच तपासण्याचे काडतूस पुन्हा मोजले, तर काटा एक घर सरकलेला आढळतो. याचे कारण उघड आहे. ऐंशी मिलिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा खांब पंधरा अंश तापमान वाढले की सुमारे ०.०२८ मिलिमीटरने लांबतो. त्यातली काही वाढ डायलच्या पोलादी दांड्याच्या वाढीने भरून निघते, तरी एका गटाइतकी चूक उरतेच, म्हणजे सकाळी ‘मध्यम’ ठरलेले काडतूस दुपारी ‘पातळ’ ठरते. इंग्लंड-जर्मनीतल्या तळघरात बसून मोजणाऱ्याला ही अडचण जाणवणारही नाही, पण जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत सकाळ-दुपारच्या तापमानात मोठीच तफावत असते. खांब पोलादाचा असता तर ही चूक बरीच घटली असती. तोवर उपाय एवढाच की ठरावीक जाडीची एक पोलादी चकती जवळ ठेवावी, दर वीस-पंचवीस काडतुसांनंतर तिच्यावर शून्य तपासावे आणि एका लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांची, मोजणी शक्यतो एकाच बैठकीत पूर्ण करावी.

उन्हाळ्याची दुसरी कटकट मेणाची. स्पर्धा-काडतुसांच्या गोळीवर वंगणाचा थर असतो, काहींवर तो मेणासारखा तर काहींवर तेलकट असतो, आणि तो बॅरलसाठी आवश्यक असतो. आमच्याकडच्या उकाड्यात तो मऊ पडतो, भोकात घातलेल्या प्रत्येक गोळीबरोबर थोडा बुशला लागतो आणि वर येऊन तिच्या तोंडावर साचतो. साचलेला थर दिसत नाही, पण डायलला तो दिसतो, आणि मोजणी जसजशी पुढे जाते तसतशी काडतुसे जाड भरू लागतात. वरचेवर कोरड्या मलमलीने तोंड पुसावे लागते. गोळीला बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये, काडतूस रिमला धरूनच उचलावे, कारण मापाचा फायदा मिळवताना वंगण पुसून काढले तर हात दाखवून अवलक्षण केल्यासारखे होते. आम्ही एप्रिलनंतर ही मोजणी भल्या पहाटेच करतो.

काडतुसांचे गट पाडून नेमबाजी केल्यावर काय दिसले, हा मूळ प्रश्न. आम्ही दोन प्रकारची काडतुसे मोजली, सरावाची स्वस्त आणि स्पर्धेची महाग. सरावाच्या काडतुसांत रिमच्या जाडीचा पसारा बराच मोठा होता. बहुतांश काडतुसे मध्यावर गोळा झाली आणि दोन्ही टोकांना थोडी थोडी विखुरली. एकाच सकाळी, रायफल बेंचवर टेकवून, मध्यम, पातळ आणि न निवडलेली काडतुसे आलटून पालटून उडवली. पातळ गटातल्या काडतुसांची छिद्रे उभ्या दिशेने उघडच अधिक पसरली. मध्यम गट आणि न निवडलेली काडतुसे यांच्यातला फरक मात्र डोळ्यांना दिसावा एवढा नव्हता, तो होता तो इतकाच की न निवडलेल्यांत अधूनमधून एखादी गोळी विनाकारण भरकटत होती आणि मध्यम गटात तशी भरकटणारी गोळी विरळा होती. स्पर्धेच्या काडतुसांत तर सर्व रिम इतक्या जवळजवळ होत्या की गट पाडायलाच वाव नव्हता, आणि ओढूनताणून पाडलेल्या गटांत कागदावर काहीही वेगळे दिसले नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की उपकरणाचा उपयोग सारखी काडतुसे शोधण्यापेक्षा बिघडलेली काडतुसे बाजूला काढण्यासाठी अधिक आहे. पाच-सहा गट पाडून प्रत्येकाला वेगळी डबी देण्याचा खटाटोप आम्ही सोडून दिला. याचे श्रेय आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ काकांना आहे. वरणगावच्या आयुध निर्माणीत त्यांची नोकरी झाली, काडतुसांची तपासणी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेली, आणि आमच्या डब्यांची ओळ पाहून ते हसले. कारखान्यात कोणी गट पाडत बसत नाही, तिथे एक मर्यादा वरची आणि एक खालची असते, आत बसेल ते पास आणि बाहेर जाईल ते नापास, असे त्यांचे म्हणणे. डायलच्या कडेवर सरकवता येणाऱ्या दोन लहान खुणा असतात, त्यांच्या साहाय्याने त्यांनी मर्यादा लावून दिल्या. तेव्हापासून आकडा वाचावा लागत नाही, काटा दोन खुणांच्या मध्ये आहे एवढेच पाहायचे. कामाचा वेग दुपटीने वाढला आणि डोळ्यांचा शीणही गेला. नापास काडतुसे आम्ही वाया घालवत नाही, ती उभ्याने सरावासाठी आणि बॅरल तापवण्याच्या पहिल्या गोळ्यांसाठी ठेवतो.

दुसरे साधन, म्हणजे सराफी काटा, याच्याविषयी माझे मत तितके अनुकूल नाही, जरी यंत्र म्हणून त्यात खोट काढण्यासारखे फारसे काही नाही. जळगावात सोन्याचा व्यापार मोठा असल्यामुळे असे काटे, त्यांची वजने आणि दुरुस्ती सगळे एका गल्लीत मिळते, हा इथल्या नेमबाजाचा मोठाच फायदा आहे. दुकानदाराने काचेचे झाकण, पातळी पाहण्याचा बुडबुडा आणि तपासणीचे वजन सोबत दिले आणि काटा अर्धा तास चालू ठेवून मगच वापरायचा हेही नीट सांगितले. काटा ०.००१ ग्रॅम दाखवतो आणि तेच काडतूस पुन्हा ठेवले तर एखाद-दुसऱ्या मिलिग्रॅमच्या फरकाने तेच वजन देतो. किंमत मात्र रिम मोजण्याच्या उपकरणापेक्षा कितीतरी जास्त पडली.

अडचण वाऱ्याची. पंखा चालू असताना काचेचे झाकण लावूनही शेवटचा आकडा नाचत राहतो, आणि कूलर चालू केला तर शेवटचे दोन. पंखा बंद करून मे महिन्यात बंद खोलीत बसले की कपाळावरचा घाम काट्याच्या ताटलीत पडतो. सराफाकडे वातानुकूलित पेढी असते, आमच्याकडे नाही. शिवाय गोळीवरचे वंगण ताटलीला लागते आणि वजन हळूहळू वाढत जाते, त्यामुळे दर थोड्या काडतुसांनंतर ताटली पुसून शून्य करावे लागते.

हे सारे सोसले तरी मूळ शंका उरतेच. संपूर्ण काडतुसाचे वजन सव्वातीन ते साडेतीन ग्रॅमच्या दरम्यान भरते. त्यात सुमारे २.६ ग्रॅम म्हणजे ४० ग्रेन वजनाची शिशाची गोळी, त्याखालोखाल पितळेची पुंगळी, आणि दारू? स्टँडर्ड वेगाच्या काडतुसात ती शंभर मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. वेगावर सर्वांत जास्त परिणाम करते ती दारू, आणि एकूण वजनात तिचा वाटा नगण्य. एखादे काडतूस पाच मिलिग्रॅम हलके भरले तर ते गोळीमुळे, पितळेमुळे, वंगणाचा थर पातळ असल्यामुळे की दारू कमी असल्यामुळे, हे काटा सांगू शकत नाही. दारूतली दोन मिलिग्रॅमची तूट कागदावर दिसेल, पण काट्यावर ती पितळेच्या फरकात बुडून जाईल. आमच्या अनुभवात वजनावरून पाडलेल्या गटांनी कागदावर काहीही ठाम दाखवले नाही. अगदीच हलकी, कळपाबाहेरची काडतुसे वेगळी काढण्यापुरता काटा बरा, पण तेवढ्यासाठी एवढा खर्च करावा असे मी कोणाला सांगणार नाही.

काट्याची किंमत आमच्याकडे वसूल होते ती वेगळ्याच ठिकाणी. गटातली बहुतेक मुले दहा मीटर एअर रायफल खेळतात आणि तिचे छर्रे निव्वळ शिशाचे असतात. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाच्या छर्ऱ्यात पितळ नाही, दारू नाही, मेण नाही, त्यामुळे वजनातला फरक हा छर्ऱ्याचाच फरक असतो आणि त्याला अर्थ असतो. दहा मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तिथे निवडीचे मोलही अधिक. छर्रे तोलताना काटा शांतपणे आणि चोख काम करतो. केवळ .२२ साठी काटा घेऊ पाहणाऱ्याने मात्र तो पैसा दुसरीकडे लावावा.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर लॉटमध्ये. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस या काडतुसे बनवणाऱ्या कंपन्यांच्या खोक्यांवर लॉटचा क्रमांक छापलेला असतो, आणि एकाच कंपनीचे एकाच नावाचे काडतूस वेगवेगळ्या लॉटमध्ये एकाच रायफलला वेगवेगळे मानवते, ही गोष्ट पन्नास मीटरवर जम बसलेल्या प्रत्येक नेमबाजाला ठाऊक असते. एलेच्या बर्मिंगहॅममधल्या आणि लापुआच्या शोनेबेकमधल्या चाचणी रेंजवर नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, पकडीत आवळून अनेक लॉट उडवून पाहतात आणि ज्याची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात तो लॉट विकत घेतात. आपल्याकडे ती चैन थोड्यांनाच परवडते. तरीही चारजणांनी मिळून वेगवेगळ्या लॉटचे एकेक खोके घेतले, प्रत्येकाच्या रायफलीतून उडवून पाहिले आणि मग ज्याला जो मानवला त्याची त्याने मोठी खरेदी केली, तर त्यातून होणारा लाभ रिमच्या किंवा वजनाच्या कोणत्याही निवडीपेक्षा मोठा असतो. रायफलीला न मानवणारा लॉट कितीही मोजला, तोलला आणि चाळला तरी आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही.

पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने नेमबाजी करण्याच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडेही एअर रायफलवरून .२२ कडे वळू पाहणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची चौकशी वाढली आहे. त्यांतले बरेच जण पहिल्याच भेटीत काडतुसे मोजण्याच्या साधनांबद्दल विचारतात. ज्याची छिद्रे अजून आठच्या वर्तुळात पसरतात त्याला ०.०१ मिलिमीटरच्या फरकाने काही साधणार नाही, त्याने ती रक्कम सरावाच्या काडतुसांवर खर्च करावी. ज्याची छिद्रे नियमितपणे दहाच्या आत राहतात आणि तरी एखादी गोळी बाहेर जाते, त्याच्यासाठी धुळ्याचे उपकरण उपयोगी आहे, आणि तेही प्रत्येकाने वेगळे घेण्यापेक्षा क्लबमध्ये एक असावे.

वापराबाबत एक दक्षता. मोजलेली काडतुसे सुट्या डब्यांत ठेवू नयेत. ती त्यांच्या मूळ खोक्यांत परत घालावीत आणि खोक्यावर पास-नापासची खूण करावी, म्हणजे लॉट क्रमांक सुटत नाही आणि परवान्यावरच्या नोंदीशी संख्याही जुळते. दोन लॉट एकमेकांत मिसळले तर मोजणीचा सगळा खटाटोप मातीमोल होतो, आणि खणात राहिलेल्या एखाद्या सुट्या काडतुसाचा हिशेब द्यायची वेळ आली तर त्रास वेगळाच.

उपकरण करून घेऊ इच्छिणाऱ्यांनी कारखान्यात नमुना म्हणून जिवंत काडतूस मुळीच नेऊ नये. ते परवाना नसलेल्या माणसाच्या हाती देणे हा गुन्हा आहे, शिवाय लेथ, ग्राइंडर आणि ठिणग्या असलेल्या जागी ते धोक्याचेही आहे. रिकामी पुंगळी पुरते, मात्र पिनने तिची रिम एका जागी चेपलेली असते, म्हणून भोकाचा व्यास तिच्यावरून घ्यावा आणि रिमची मापे कागदावर लिहून द्यावीत. खांब पोलादाचा मागावा, तळपट्टी दुप्पट जाड मागावी, प्लंजर उचलायला कळ मागावी आणि भोकाच्या कडेला हलका उतार द्यायला सांगावे. यासाठी मजुरी थोडी वाढेल, पण लेथवाला तेवढे करून द्यायला तयार आहे. ऑर्डर मात्र पावसाळ्याच्या तोंडावर देऊ नये, कारण त्या दिवसांत त्याच्याकडे शेतीपंपांच्या दुरुस्तीची रांग लागलेली असते आणि आपले काम मागे पडते.